वाचकांचे प्रश्न : गाईडच्या बाईंची आठवण कशी जपावी?

शाळेच्या पाटीवर ‘वीरबाला पथक’ लिहिलेलं असायचं, पण सगळ्या म्हणायच्या ‘गाईड’, म्हणजे मुलींचं स्काउट. वर्गात गणित किंवा शिवण शिकवणाऱ्या बाईच शाळा सुटल्यावर गळ्यात स्कार्फ घालून मैदानावर यायच्या आणि गाईड कॅप्टन व्हायच्या. त्या पथकांतल्या मुली आता पन्नाशी-साठीच्या घरात आहेत आणि त्यांच्या बाई एकेक करून जात आहेत. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या कॅप्टन बाई मार्चमध्ये गेल्या. साठ-सत्तर जणींनी मिळून आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन केलं, चाळीस मजकूर आले. वाचले तर सगळे सारखेच : ‘बाई शिस्तप्रिय होत्या, प्रेमळ होत्या, त्यांनी आम्हाला घडवलं.’ एकही वाचून बाई डोळ्यांसमोर येत नाहीत. काय करावं?
— एक माजी गाईड, सातारा

मजकूर लिहिणाऱ्या चुकल्या नाहीत, आवाहन चुकलं. ‘बाईंविषयी चार ओळी लिहा’ म्हटलं की प्रत्येकीच्या मनात निरोप समारंभ उभा राहतो आणि लेखणीतून त्याच समारंभाची भाषा उतरते. प्रश्न अरुंद करा. प्रेमळपणा विचारू नका, वस्तू विचारा, हालचाल विचारा, वाक्य विचारा.

उदाहरणं देतो. बाईंच्या पिशवीत कायम काय असायचं? तुमच्याकडून कुठली गाठ सर्वांत जास्त वेळा सोडवून घेतली? शिबिरात रात्री एखादी मुलगी घरच्या आठवणीने रडायला लागली की बाई नेमकं काय करायच्या? रागावल्यावर कोणतं वाक्य ठरलेलं होतं? त्यांचं जेवण कितव्या पंगतीला व्हायचं? तीन छोट्या आणि एक लांब शिट्टी म्हणजे पॅट्रोल लीडरनी, पथकातल्या तुकड्यांच्या प्रमुख मुलींनी, धावत यायचं. ती शिट्टी वाजल्यावर उशीर झाला तर काय व्हायचं? अशा प्रश्नाला ‘प्रेमळ’ हे उत्तर देताच येत नाही. ‘त्या सगळ्यांचे डबे उघडून बघायच्या आणि मगच स्वतःचा उघडायच्या’ असं काहीतरी येतं, आणि तिथे बाई दिसायला लागतात.

वीस-पंचवीस प्रश्नांची यादी करा, पण पूर्ण यादी कुणालाच पाठवू नका. एकीला तीनच प्रश्न, आणि शेजारच्या तुकडीतल्या मुलीला वेगळे तीन. यादी एकदम पाठवली तर सगळ्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतात आणि पुन्हा चाळीस सारखे मजकूर हातात पडतात. ज्यांना लिहायची सवय नाही त्यांना फोन करा. वीस मिनिटं पुरतात. बोलण्याआधी त्यांना एखादी जुनी वस्तू हातात घ्यायला सांगा : बॅज, प्रमाणपत्र, फोटो. ‘तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारलं की माणूस भाषणाकडे वळतो. ‘मग पुढे काय झालं?’ एवढंच विचारत राहा. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा आणि त्या जशा बोलल्या तसंच उतरवा. ‘स्काउट’ला ‘इस्कॉट’ म्हणाल्या असतील तर ‘इस्कॉट’च राहू द्या.

तारखांचा घोळ हमखास होतो. एक म्हणेल शिबिर १९७८चं, दुसरी म्हणेल १९८१चं. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार या गाईडच्या परीक्षांच्या प्रमाणपत्रांवर तारीख असते. आधी ती जमवा. तरी मेळ बसला नाही तर ‘आम्ही आठवीत असताना’ एवढंच छापा. चुकीचं साल एकदा छापलं गेलं की पुढे तेच खरं ठरतं.

तीन-चार आठवणी कडूही येतील. गणवेशाला पैसे नव्हते म्हणून रांगेबाहेर उभं केलं, हे एखादीला पन्नास वर्षांनी सांगावंसं वाटेल. तिची संमती असेल तर ते गाळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र बाईंचं आजारपण, घरातल्या गोष्टी, पैशांचे व्यवहार यांविषयीचं काहीही त्यांच्या कुटुंबीयांनी वाचल्याशिवाय छपाईला देऊ नका.

आता छपाई. ए-५ आकार, अक्षर १४ पॉइंट, कारण वाचणाऱ्या साठीच्या आहेत. या मापात पानावर साधारण २५० शब्द बसतात. तीनशे शब्दांचे चाळीस मजकूर म्हणजे १२,००० शब्द, म्हणजे ४८ पानं. फोटोंना १६ पानं धरली की ६४ पानांची पुस्तिका होते. पानांची संख्या १६च्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात. मजकुराला ८० किंवा ९० जीएसएमचा मॅपलिथो, फोटोंना १३० जीएसएमचा आर्ट पेपर. ६४ पानांपर्यंत मधोमध पिना मारून चालतं. त्याहून जाड झाली तर शिलाईची बांधणी मागा. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पानं दोन उन्हाळ्यांत सुटू लागतात.

आणखी एक. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि छापखाना जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये बदलून घेत असेल, तर ‘ऱ्या’, ‘अ‍ॅ’ आणि रफार यांची वाट लागते. ‘बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या साऱ्या मुली’ या वाक्यातला ‘साऱ्या’ नीट आला का, हे प्रत्येक पानावर बघा. नावं तर दोघींनी मोठ्याने वाचून तपासा.

बाईंच्या मुलाने त्यांचा गाईडचा सगळा ठेवा माझ्याकडे दिला : चिकट पानांचे दोन अल्बम, बॅज, स्कार्फ, आकाशी साडी. सगळं कोकणातल्या दमट हवेत राहिलंय. कुठून सुरुवात करू?
— रत्नागिरी

अल्बमपासून करा, कारण नुकसान तिथेच चालू आहे. त्या चिकट पानांचा गोंद वर्षागणिक पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीत मुरतो. वरचा प्लास्टिकचा कागद उचला आणि पान जसंच्या तसं, फोटो न काढता, आधी कॅमेऱ्याने टिपून घ्या. फोटोखाली बाईंनी चिठ्ठी लावली असेल तर कुठल्या फोटोखाली कुठली, हे त्यातून कळतं. मग दात साफ करायचा धागा (मेणाचा नको, साधा) फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू मागेपुढे ओढत न्या. फोटो वाकवून उचलू नका. वरचा थर तडकतो. पाणी, गरम वाफ, थिनर यांतलं काही वापरू नका. जो सुटत नाही तो ओढू नका, पान त्याच्याभोवती कापून वेगळं ठेवा.

पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, पासपोर्टएवढा १२००ला. मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उठतं आणि शाई पाझरते. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. समूहफोटो ए-४ला छापून घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्या आणि तो कागद सगळ्यांत फिरवा. नाव लिहिताना माहेरचं आणि सासरचं दोन्ही लिहा. हे नाही केलं तर पंधरा वर्षांनी कुणालाच कोण कोण ते कळणार नाही, कारण शाळेच्या हजेरीपटात एक नाव असतं आणि आजच्या फोनमध्ये दुसरंच.

एखादं प्रमाणपत्र किंवा फोटो किती जुना ते कळत नसेल तर संघटनेचं नाव बघा. भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि गर्ल गाईड्स असोसिएशन तिच्यात १५ ऑगस्ट १९५१ रोजी सामील झाली. कागदावर फक्त ‘गर्ल गाईड्स असोसिएशन’ असेल तर तो बहुधा त्याआधीचा.

बॅज घासू नका. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांनी धातू चमकतो, पण मीनाकारीच्या कडा सुटतात आणि अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, प्रत्येक बॅज वेगळ्या मलमलच्या तुकड्यात गुंडाळा. साडीवर आणि स्कार्फवर टाचण्या किंवा बॅज तसेच असतील तर आजच काढा. पिनेचा गंज कापडात एकदा उतरला की जात नाही. साडी आणि स्कार्फ सावलीत वाऱ्यावर टाका, मग धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, दर सहा महिन्यांनी घडी बदला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर आतला दमटपणा आतच राहतो आणि बुरशी येते. कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पुरचुंडीत. कापडाला थेट लागला तर डाग पडतो.

स्कार्फ फ्रेम करायचा मोह होईल. तो त्रिकोणी असतो, त्याच्या दोन बाजू ७० ते ८० सेंटिमीटर असतात, म्हणजे लांब बाजू १ मीटर ते १ मीटर १३ सेंटिमीटर भरते. पूर्ण उलगडून लावायचा तर सव्वा मीटरची फ्रेम लागेल. एकदा घडी घातली की निम्म्यात बसतो. फ्रेमवाल्याला गोंद लावू देऊ नका. मागे धुतलेलं सुती कापड ताणून त्यावर सुती दोऱ्याने सैल टाके घाला आणि काच कापडाला टेकणार नाही अशी पट्टी मध्ये ठेवायला सांगा. फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

बाईंच्या अंत्ययात्रेत आम्हाला तिरंगा त्यांच्या अंगावर घालायचा होता. काहींनी अडवलं. आता शोकसभेला शाळेतला राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवावा, असा विचार आहे.
— नांदेड

अडवलं ते बरोबर केलं. ध्वजसंहितेनुसार शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीखेरीज राष्ट्रध्वज पार्थिवावर घालता येत नाही. अर्ध्यावर उतरवणंही सरकारी आदेशाशिवाय करता येत नाही, शाळेने ठरवून तर नाहीच. तुमच्या भावनेला धक्का द्यायचा नाही, पण ध्वज कसा हाताळायचा हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याच नावाने तो नियम मोडू नये. पथकाचा स्कार्फ फोटोवर घाला, सगळ्या जणी तीन बोटांचा सॅल्यूट करा. पूर्ण गणवेश आज नोंदणी असलेल्यांनीच घालावा. बाकीच्यांना स्कार्फ पुरे.

शोकसभा नको, शेकोटी करू, असं ठरलंय. पन्नासेक जणी येतील, काही सत्तरीच्या. शेवटची शेकोटी पेटवून आम्हाला पस्तीस वर्षं झाली.
— सांगली

जागा अशी बघा की वर झाडाची फांदी नको आणि चहूबाजूंनी तीन मीटरपर्यंत वाळलेलं गवत नको. जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्या, जवळच्या अग्निशमन केंद्राला कळवून ठेवा. मैदानावर पेव्हर ब्लॉक असतील तर थेट पेटवू नका, तापून ते तडकतात आणि कपच्या उडतात. खाली पत्रा आणि त्यावर दहा सेंटिमीटर वाळू घाला.

सव्वा तासाच्या शेकोटीला ३० ते ३५ किलो कोरडं लाकूड लागतं. बाभूळ उत्तम. रंग दिलेलं फर्निचर आणि प्लायवूड नको, धूर विषारी होतो. बांबू वापरला तर चिरून वापरा. अख्ख्या कांड्यातली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो. पावसाळ्यानंतरचे दिवस असतील तर लाकूड आठवडाभर छपराखाली ठेवा. मनगटाहून जाड दोन ओंडके समांतर, त्यावर आडवे दोन, असे पाच-सहा थर वर निमुळते होत रचा. पोटात नारळाच्या शेंड्या, करवंट्या आणि बोटाएवढ्या काटक्या भरा, वाऱ्याच्या बाजूने हात जाईल एवढी जागा सोडा. रॉकेल नको. कापराच्या आठ-दहा वड्या आत ठेवल्या की एका काडीत पेटते. घाईत हवा कोंडली जाईल इतकं गच्च भरणं हीच नेहमीची चूक; मग नुसता धूर होतो आणि कुणीतरी रॉकेल शोधायला पळतं.

बसायची रचना घोड्याच्या नालासारखी, उघडं तोंड धूर जाईल त्या दिशेला. पहिली रांग जाळापासून तीन मीटर. सत्तरीच्या बायकांना पाठ असलेल्या खुर्च्या द्या. नायलॉनच्या साड्या आणि ओढण्या आवरून बसायला सांगा. पेटवणारीने सुतीच नेसावं. दोन बादल्या पाणी आणि एक बादली वाळू हाताशी, आणि ती सांभाळायला एक ठरलेली बाई, जी गाणार नाही.

कार्यक्रम जाळाच्या चालीने ठेवा. पेटताना सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी, दोघींनी मिळून काडी लावावी. पहिली वीस मिनिटं जोरकस गाणी, टाळ्या, आरोळ्या. हो, स्मरणाच्या शेकोटीतही. त्याशिवाय ती बाईंची शेकोटी होणार नाही. जाळ स्थिर झाला की आठ जणींनी दोन-दोन मिनिटं बोलायचं, आधी ठरवून, एकीने एकच प्रसंग. मग निखारे पडायला लागतील तशी संथ गाणी, एक मिनिट शांतता, प्रार्थना आणि न बोलता पांगणं. शेवटी टाळ्या नकोत, आभारप्रदर्शन नको. माइक आणला की भाषणं सुरू होतात आणि भाषणं सुरू झाली की जाळ विझून जातो. शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे वेगळ्या दिवशी करा.

गाण्यांचे कागद छापू नका, शेकोटीच्या उजेडात ते वाचता येत नाहीत. एकीने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी मागून, अशी गाणी निवडा. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन गरमी लागत नाही तोवर निघू नका.

गच्चीवर करायची वेळ आली तर लाकूड पेटवू नका. मोठ्या परातीत वाळू पसरून त्यात अकरा पणत्या गोलात लावा. बाकी क्रम तोच.

वर्तुळ आणि मध्ये ठिपका, या खुणेचा स्मारकात वापर करता येतो का? शाळेने बागेत कोपरा दिलाय. आम्ही पंचेचाळीस जणी आहोत.
— नाशिक

येतो, आणि फार शोभतो. माग काढायच्या खेळात वाटेच्या शेवटी ही खूण असते : ‘मी घरी गेले.’ चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात वारले. न्येरी इथल्या त्यांच्या समाधीवर हीच खूण कोरलेली आहे. तरीही बाईंच्या घरच्यांना आधी अर्थ सांगा आणि त्यांचा होकार घ्या. खूण न ओळखणाऱ्याला ती नुसती गोल आकृती वाटते.

पंचेचाळीस जणींनी एकेक दगड आणावा. पंधरा सेंटिमीटरचा दगड आणि पाच सेंटिमीटर फट धरली तर एकीला २० सेंटिमीटर, म्हणजे परीघ ९०० सेंटिमीटर. ९०० भागिले ६.२८ केलं की त्रिज्या येते १४३ सेंटिमीटर. मध्ये खुंटी ठोका, १४३ सेंटिमीटरचा दोर ताणून फक्कीने वर्तुळ आखा. आधी चार दिशांना चार दगड, मग त्यांच्या मधले. एकाच बाजूने लावत गेलात तर शेवटी जागा उरते किंवा दोन दगड शिल्लक राहतात. प्रत्येक दगड एक तृतीयांश जमिनीत पुरा, नाहीतर महिन्याभरात क्रिकेटच्या स्टंपची जागा घेईल. मधला दगड डोक्याएवढा.

चुना लावलात तर पहिल्या पावसात उतरतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दर २२ फेब्रुवारीला, बेडन-पॉवेल यांच्या वाढदिवशी, शाळेतल्या आताच्या गाईडनी नवा हात द्यावा. ऑइल पेंट मात्र नको, तो पापुद्रे होऊन निघतो आणि खालचा दगड कुरूप दिसतो. नावाची पाटी लावायची तर अक्षरं किमान अडीच सेंटिमीटर उंचीची आणि तीन-चार मिलिमीटर खोल कोरून घ्या. मधल्या ठिपक्याच्या जागी झाड लावायची कल्पना चांगली वाटते, पण वड-पिंपळ नको. मुळं दहा वर्षांत वर्तुळ उचकटतात.

बाईंच्या नावाने शाळेत ‘उत्कृष्ट गाईड’ पुरस्कार ठेवायचा आहे. दीड लाख जमले आहेत.
— सोलापूर

उत्कृष्ट गाईडचा पुरस्कार दोन-तीन वर्षांत वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीकडे जातो, कारण शाळेला तोच निकष सोपा पडतो. पैसे गरजेला जोडा. समजा साडेसहा टक्के व्याज मिळालं, तर दीड लाखावर वर्षाला ९,७५० रुपये होतात. त्यात दोन-चार मुलींचे गणवेश आणि शिबिराची फी निघेल. कुणाला द्यायचं ते पथकाच्या कोर्ट ऑफ ऑनरने, म्हणजे पॅट्रोल लीडरच्या सभेने, कॅप्टनबरोबर बसून ठरवावं. कुणाकडे बूट नाहीत हे त्या मुलींना मुख्याध्यापकांपेक्षा आधी माहीत असतं. नाव जाहीर करू नका, गरजेचा सत्कार होत नसतो.

ठेव एकट्या मैत्रिणीच्या नावावर ठेवू नका. ती गेली की पैसे वारसांकडे जातात आणि भांडण नसतानाही योजना बंद पडते. संस्थेच्या नावावर ठेव, रीतसर पावती आणि एक पानाचं लेखी पत्र : रक्कम, व्याज कशाला वापरायचं, मूळ रकमेला हात लावायचा नाही, आणि पथकच बंद पडलं तर पैसे कुठे जायचे. शेवटचं कलम सगळे विसरतात. पथकं बंद पडतात.

मी लंडनजवळ असते, दुसऱ्या दोघी न्यू जर्सीत. दरवर्षी एक दिवस सगळ्यांनी मिळून बाईंना आठवायचं आहे. पुण्यतिथी तिथीने धरायची की तारखेने, यावरच वाद होतो.
— इंग्लंड

पुण्यतिथी घरच्यांकडे राहू द्या. तुमच्यासाठी २२ फेब्रुवारी आयती आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ऑलेव्ह या दोघांचाही तो वाढदिवस आणि १९२६ साली गाईडच्या जागतिक परिषदेने तो ‘थिंकिंग डे’ म्हणून ठरवला, जगभरच्या गाईडनी एकमेकींची आठवण काढायचा दिवस. भारतात संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्या दिवशी लंडनला दुपारचे दोन आणि न्यू जर्सीला सकाळचे नऊ. पाऊण तास ठरवा. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकदम गायचा प्रयत्न करू नका, आवाज मागेपुढे पोचतात आणि गाणं विस्कटतं. एकीने गावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून. १९३२पासून या दिवशी जागतिक निधीसाठी प्रत्येकीने एक पेनी द्यायची प्रथा पडली. त्या चालीवर बाईंच्या शाळेला द्या. भारतात येणं झालं तर पुण्यात आळंदी रस्त्यावरचं ‘संगम’ हे गाईडचं जागतिक केंद्र आधी कळवून बघा. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी त्याचं उद्घाटन ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्याच हस्ते झालं.

आमच्या बाई आहेत. पंच्याऐंशी वर्षांच्या. पण आता त्या आम्हाला ओळखत नाहीत, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितलाय. आम्हाला हॉल घेऊन मोठा सत्कार करायचा होता. करावा का?
— पुणे

हॉल घेऊ नका. अनोळखी जागा, माइक, दोनशे माणसं, पायाला लागणाऱ्यांची रांग, यांत त्या घाबरून जातील, आणि तुम्हाला आयुष्यभर तो चेहरा आठवत राहील. त्यांच्या घरी जा. एका वेळी दोघी किंवा तिघी, अर्धा तास, शक्यतो सकाळी न्याहारीनंतर. संध्याकाळी अशा माणसांची बेचैनी बहुधा वाढते. कुठल्या दिवशी झोप नीट झाली ते सांभाळणाऱ्या बाईंना विचारून वेळ ठरवा.

‘बाई, ओळखलंत का मला?’ हे विचारू नका. ती परीक्षा आहे आणि त्यांना नापास व्हावं लागतं. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा आणि आपणच सांगा : ‘बाई, मी गुलाब पॅट्रोलमधली. तुम्ही आम्हाला गाईड शिकवलंत.’ त्या तुम्हाला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारतील. हो म्हणा. ‘आई वाट बघतेय, घरी जायचंय,’ म्हणाल्या तर आई कधीच गेली, हे सांगू नका. आई कशी होती ते विचारा.

नावं आणि घटना जातात तेव्हा हातांनी शिकलेलं आणि गायलेलं पुष्कळदा मागे राहतं. म्हणून फुलांचा गुच्छ नको, दोर न्या. आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा, दीड मीटर लांबीचा पांढरा सुती दोर. नायलॉनचा नको, तो निसरडा असतो, म्हाताऱ्या बोटांत धरवत नाही आणि गाठ सुटते. दोन तुकडे घ्या, एकाची टोकं निळ्या दोऱ्याने बांधलेली, म्हणजे कुठलं टोक कुठलं ते दिसतं. ‘बांधून दाखवा’ म्हणू नका. तुम्हीच त्यांच्या शेजारी बसून रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडायची चपटी गाठ, बांधायला लागा आणि मुद्दाम चुकवा : उजवं डाव्यावर, पुन्हा उजवं डाव्यावर. गाठ तिरकी बसेल. बघू द्या. कधी हात पुढे येतो, कधी नुसतं ‘हं’ येतं, कधी काहीच येत नाही. दहा मिनिटांनंतर आग्रह करू नका.

गाणं संथ आणि ठाय लयीत म्हणा, शिबिरात रोज म्हणायचात तेच. दुसऱ्या ओळीशी थोडं थांबा. पुढचे शब्द त्यांच्याकडून यायला वेळ लागतो आणि आपण घाईने भरून टाकतो. फोटो न्यायचे तर पाच-सहाच, ए-४ आकाराचे, चमक नसलेल्या कागदावर. एका वेळी एक दाखवा. अल्बम उलटत गेलात तर त्या थकतात. त्यांच्या परवानगीचा प्रश्न आता कुटुंबीयांकडे आहे, म्हणून भेटीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका.

आठवड्याला दोघी अशी पाळी लावली तर चाळीस जणींना पाच महिने लागतील. सत्काराच्या पैशांतून, बाईंना सांभाळणारीच्या सुट्टीच्या दिवशी बदली माणूस ठेवा, कुटुंबाला त्याची गरज सर्वांत जास्त असते. आणि निघताना दोर तिथेच त्यांच्या उशाशी ठेवून या. गळ्याभोवती जाणार नाही एवढा आखूड, म्हणजे हातभराचा तुकडा ठेवा, तोही कुणी जवळ असतानाच हातात द्यायला सांगा. टोकं मेणबत्तीने जाळू नका, सुती दोर वितळून बंद होत नाही, नुसता काळा पडतो. दोऱ्याने गुंडाळून घट्ट बांधा, बाईंनी शिकवलं होतं तसं.